रुचीनं वळून पाहिलं

१

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी सकाळी रुची टेंभरे मंदिरात आली ती टाळ परत करायला.

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या मारुतीसमोर मांडव पडला होता. कीर्तनकार देवकाबाई बिसेन ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होत्या. शेजारी त्यांचा चुलतभाऊ सेवकराम मृदंगाला कणीक लावत होता. रुचीनं टाळांची जोडी पुढं ठेवली, पाया पडली आणि वळली. देवकाबाईंनी तिची ओढणी धरली, तिचं तोंड आपल्याकडं केलं आणि मगच विचारलं, "हे कायले व?"

"मले वाजवायचे नाई, माय."

रुची त्यांच्या ओठांकडं बघत होती. लहानपणी तिला मेंदूज्वर झाला. देवानं जीव राखला, पण कान गेले. दोन्ही कानांमागं मशीन लावलं की समोरच्याचं बोलणं तिला कळायचं. मशीन काढलं की मागं कुणी कितीही ओरडो, तिला पत्ता नसे. कीर्तनात भोंग्याच्या आवाजानं मशीन किंचाळतं, म्हणून ती ते डबीत ठेवून टाळ धरायची. आणि तरी तिचा ठेका कधी चुकत नसे! कुडव्यातल्या बाया माहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला आणायच्या.

"झालं काय ते सांग."

रुचीनं मोबाइल पुढं केला. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचं पहिलं वर्ष ती पास झाली होती. तिची फी नागपूरचा एक न्यास भरत होता. आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या दिव्यांग मुलांसाठीच तो होता. अट एवढीच, की दिव्यांगत्व निदान चाळीस टक्के हवं. रुचीचं सत्तर होतं. आणि आता न्यास म्हणत होता की तुम्हाला मशीनशिवाय ऐकू येतं असा व्हिडिओ आमच्याकडं आला आहे, म्हणून दुसऱ्या वर्षाची मदत थांबवली आहे. आमचे अधिकारी शनिवारी येऊन निर्णय देतील.

"शनिवारी तर काला," सेवकराम म्हणाला.

रुचीचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "गेल्या वर्षी हेच लोक म्हनत होते, पोरी, तू बहिरी, तुले हे काम जमन का? आता म्हनतात, तू बहिरी नाईच. माय, मी नेमकी कोन आहो, ते एकदा ठरवा म्हना!"

फी भरली नाही तर नाव कटणार होतं. साल्हेकशाकडं एवढीशी धानाची शेती करणाऱ्या बापाला, छोटेलालला, ती झेपणारी नव्हती.

देवकाबाईंनी बशी खाली ठेवली. गावोगाव नाम पोचवता पोचवता लोकांच्या गाठी सोडवायची त्यांना जुनी सवय. एका गावात चोरीला गेलेली देवळाची घंटा त्यांनी आख्यान अर्ध्यावर असतानाच श्रोत्यांतून हुडकून काढली होती.

"व्हिडिओत हायस तरी का तू?"

"हाव," रुची हळूच म्हणाली. "त्यात मागून मले हाक येते. आणि माय, मी वळून पायते."

२

रुचीच्या संस्थेच्या प्राचार्य अल्का गजभिये मॅडम फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या.

"मी सुरुवातीपासून सांगत होते," भेटायला आलेल्या देवकाबाईंना आणि सेवकरामला त्या म्हणाल्या, "या पोरीला हे काम अवघड जाईल. प्रयोगशाळेत घंटी वाजते, डॉक्टर हाक मारतात, पेशंट कण्हतो. नाही ऐकू आलं तर?"

"म्हनजे तुमाले ती नकोच होती," सेवकराम पटकन बोलून गेला.

"मृदंगवाले, इकडं या." मॅडम उठल्या आणि दोघांना शेजारच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर एक लाल दिवा बसवलेला होता. "यंत्र थांबलं की सगळ्यांना घंटी ऐकू येते. हिला कळावं म्हणून हा दिवा मी माझ्या भावाकडून बसवून घेतला. नको असती तर बसवला असता का?"

सेवकरामनं कान पकडले.

"मग तपासनी परत करून घ्या न," देवकाबाई म्हणाल्या. "तपासनीचं मशीन खोटं बोलत नाई म्हनतात."

"नागपूरची तारीख मिळाली आहे. पण ती फीच्या मुदतीनंतरची. तोवर न्यासानं मदत चालू ठेवली पाहिजे, आणि त्यांच्याकडं हा व्हिडिओ आहे. कोणी पाठवला ते सांगत नाहीत. नियम आहे म्हणे."

मॅडमनी मोबाइल टेबलावर उभा केला.

सकाळची वेळ. मांडवातला कीर्तनाचा मंच, लोखंडी पिंपांवर सागाच्या फळ्या टाकून केलेला. रुची पाठमोरी, अनवाणी, ओले केस वर बांधलेले. दोन्ही कान उघडे, मशीन नाही. पुढ्यातल्या तांब्याच्या घंगाळात ती झेंडूच्या पाकळ्या सोडते आहे. बाहेरून एका पुरुषाची हाक येते, "रुची! ओ रुची!" मागोमाग कुठंतरी धप्पकन आवाज. पाण्यावरच्या पाकळ्या थरथरतात. रुची उजवीकडून वळते, थेट मोबाइलकडं बघते आणि छान हसते. संपलं.

"धप्प काय झालं ते?" देवकाबाईंनी विचारलं.

"खाली खुर्च्या उतरवत असतील. मांडव म्हटलं की आदळआपट आलीच."

देवकाबाईंनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून नुसता ऐकला, चौथ्या वेळी कानांवर हात ठेवून नुसता पाहिला. मॅडमना हसू आवरेना.

सेवकराम मात्र हसत नव्हता. बाहेर आल्यावर त्यानं बहिणीचं मनगट धरलं.

"बाई, तो हाक मारनारा... तो आपला दुर्गेश होय. आवाज मी झोपेतही ओळखीन."

३

दुर्गेश पटले टाळकऱ्यांत सगळ्यात पुढं नाचणारा. त्याच संस्थेत औषधनिर्माण शिकायचा. मळणीयंत्रात त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली होती. उरलेल्या पंजाला टाळाची दोरी बांधून तो असा काही वाजवायचा की दोन हातवाले खाली बघत. त्यानंही त्याच न्यासाकडं अर्ज केला होता. रुचीला मदत मिळाली आणि त्याचं नाव प्रतीक्षेत राहिलं. रुचीचं गळालं तर पुढचा नंबर त्याचाच.

मांडवामागं तो दुचाकी पुसत होता. व्हिडिओचं नाव काढताच त्यानं फडकं फेकलं.

"मालूम था! सब मेरे पे आएंगे. काल कॉलेजात पण सगळे माझ्याकडं असे बघून राहिले, जसं मी तिच्या घरात डाका टाकला."

"हाक तुझी हाय का नाई?"

"माझीच हाय. पण व्हिडिओ माझा नाही, माय. एका हातानं मी ओझं धरू का मोबाइल धरू?"

"कायले हाक मारलीस?"

"कुंतामावशीनं सांगितलं, जरा रुचीला आवाज दे. मी म्हटलं, मशीन नाही तिच्या कानात, ऐकणार थोडीच. तरी म्हणे, दे तू. दिला. बडों की बात कोण टाळते?"

"तू होतास कुठी?"

"खाली. मंचाच्या डाव्या अंगाला. टेम्पोतून दऱ्या-सतरंज्या उतरवत होतो. सेवकराममामाच तर वरून देऊन राहिले होते."

सेवकरामनं मान डोलावली. "हाव, खरं हाय. दऱ्याच होत्या. खुर्च्या दुसऱ्या दिवशी आल्या."

"दरी पडली तर आवाज कसा होते रे?" देवकाबाईंनी विचारलं.

"फस्स," दुर्गेश म्हणाला. "आणि नाकात धूळ जाते."

देवकाबाई हसल्या.

"माय," दुर्गेशचा आवाज उतरला, "मला ते पैसे पाहिजेत. खोटं नाही बोलत, बाबा कर्ज काढून फी भरतात. पण रुचीच्या ताटातले नको. ती माझ्या बाजूला उभी राहून टाळ वाजवते. तिचा ठेका बघूनच मी माझा सांभाळतो."

तो गेल्यावर सेवकराम म्हणाला, "पोट्टा खरा वाटते. पन मंग पाठवला कोनं?"

"ते राहू दे. हाक डावीकडून आली अना पोरगी उजवीकडं वळली. ज्यानं बोलावलं त्याच्याकडं तिनं पायलंच नाई. हे कसं, ते सांग मले."

४

कुंताबाई रुचीची सख्खी मावशी. बहीण गेली तेव्हा रुची तापातून नुकतीच उठलेली, बहिरी, सहा वर्षांची. कुंताबाईनं स्वतःच्या लग्नाचा विषय बंद केला आणि साल्हेकशाकडच्या घरात येऊन भाचीला वाढवलं. शिक्षणासाठी पोरगी कुडव्याला आली तेव्हा मावशीनं शिलाई मशीन उचललं आणि तीही मागोमाग आली. दोन खोल्या, पुढं ब्लाउज शिवायचं काम.

"या माय, या. खुर्ची घे व..." कुंताबाईची धांदल उडाली. सप्ताहाची सारी आरास तिनंच केली होती. रोज पहाटे मारुतीला एकशे आठ प्रदक्षिणा. पोरीला ऐकू यावं, एवढंच मागणं.

रुची आतल्या खोलीत पाठमोरी बसून अभ्यास करत होती. नुकतीच न्हायलेली, मशीन खिडकीत डबीत.

"रुची! चहा ठेव व बाई!" कुंताबाईनं हाक मारली. मारताना तिची टाच फरशीवर आपटली. रुची हलली नाही. कुंताबाईनं पुन्हा टाच आपटत हाक दिली. रुचीनं पान उलटलं.

कुंताबाई तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोडल्यासारखं झालं. मग ती आत गेली, रुचीच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर येऊन म्हणाली, "थकली हाय आज. टेन्शन हाय न तिले."

"पोरीच्या घरी, गावाकडं, फरशी हाय का व?" देवकाबाईंनी चहा घेता घेता सहज विचारलं.

"कुठली! जुनं घर. वर लाकडाची माडी. आमी तिथंच झोपत होतो दोघी."

"दुर्गेशले हाक माराले तू सांगतलं म्हनते."

कुंताबाईनं बशी खाली ठेवली. "मी? असंन. ध्यानात नाई. आराशीची गडबड..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन माय, त्या दुर्गेशवर नजर ठेव. पोरीच्या मदतीवर डोळा हाय त्याचा."

दारातून निघताना देवकाबाईंनी रुचीला समोर घेऊन विचारलं, "त्या सकाळी तुले काय ऐकू आलं?"

रुचीनं खूप वेळ विचार केला. "ऐकू आलं का, ते मले नाई सांगता येत, माय. कोनीतरी बोलावलं, येवढं समजलं. आपलं मानूस बोलावते तसं. म्हनून हसली मी. मागं तं मावशी अना आनखी चार-पाच जन आराशीचे फोटो काढून राहिले होते." मग ती घाबरून म्हणाली, "मले खरंच ऐकू येऊन राहिलं का? मी लोकाइले फसवून राहिली का?"

देवकाबाईंना त्या पोरीची फार दया आली. खोटेपणाचा आळ दुसऱ्यानं घेतला तर माणूस भांडतं. पण स्वतःवरच संशय आला तर भांडायचं कुणाशी?

५

संध्याकाळच्या कीर्तनाला यायला रुचीला देवकाबाईंनी भागच पाडलं. ती आली, पण मंचावर चढेना. "लोक म्हनतीन, पाहा, बहिरी कशी ऐकून राहिली." शेवटी ती खाली, मातीवर अंथरलेल्या दरीवर, बायांच्या पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसली. मृदंग समोर, अगदी तोंडापुढं.

देवकाबाईंनी नामाचा गजर सुरू केला. त्या दिवशी विषय घेतला होता गजेंद्राचा. सरोवरात मगरीनं पाय धरला, हत्तीनं सोंडेत कमळ धरून हाक मारली, आणि वैकुंठातला देव गरुडाचीही वाट न बघता उठला. देवकाबाई तल्लीन होऊन सांगत होत्या. आयाबायांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंचावर टाळकऱ्यांची पावली पडत होती, फळ्या दणदणत होत्या.

आणि खाली रुचीचा टाळ चुकला.

देवकाबाईंनी ऐकलं. सेवकरामनंही ऐकलं आणि वाजवता वाजवता मान वर केली. रुची त्याच्या हातांकडं टक लावून बघत होती, ओठ घट्ट मिटून. पुन्हा टाळ वाजला, अर्धी मात्रा मागं. पुन्हा. शेवटी तिनं टाळ मांडीवर ठेवला आणि ओढणीत तोंड लपवलं.

"हातावर नजर असतानी पोट्टी चुकली कशी?" आरती झाल्यावर सेवकराम घाम पुसत म्हणाला. "मी तर समजत होतो, ती माझे हात पाहून वाजवते. मंचावर तर माझ्या पाठीमागं उभी राहाते अना मात्राही चुकत नाई."

देवकाबाईंनी चपला काढल्या आणि मोकळ्या मंचावर अनवाणी उभ्या राहिल्या. "सेवकराम, त्या टोकाले जा अना एक पाय आपट."

त्यानं आपटला. पिंपांवरच्या फळ्या गुणगुणल्या. देवकाबाईंच्या तळव्यांतून ते गुडघ्यापर्यंत चढलं. कोपऱ्यातल्या घंगाळात पाकळ्या थरथरल्या.

देवकाबाईंनी हात जोडले. पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "आता ज्यानं केलं त्याले सांगनं मोठं कठीन हाय. त्याच्याजवळचं लय मोठं काहीतरी मले काढून घ्यावं लागन."

६

काल्याच्या दिवशी सकाळी देवकाबाईंनी कुंताबाईला फुलं घेऊन बोलावलं. रुची आधीच मंचावर होती, पाठमोरी, अनवाणी, मशीन काढून, घंगाळात पाकळ्या सोडत.

"कुंता, वर ये. पोरीले हाक मार."

"रुची!" कुंताबाईची टाच फळीवर पडली. पाणी हललं. रुची वळली आणि हसली.

कुंताबाईचा चेहरा उजळून निघाला. "पायलं न माय! पायलं न? देव पावला मले! मी म्हनतच होती..."

"पायलं." देवकाबाईंनी रुचीला पुन्हा पाठमोरं केलं. "आता परत मार. पन पाय उचलू नोको."

"पाय? पाय कोनं उचलला?"

"तू."

"मी नाई उचलला."

"मार हाक."

कुंताबाईनं हाक मारली. टाच उठली. अर्ध्यावर तिला स्वतःलाच ती दिसली आणि ती थबकली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टाच उठली. हाक तोंडातून निघण्याआधीच पाय हलत होता, जसं नाव घेताना हात आपोआप जोडले जातात. शेवटी तिनं वाकून दोन्ही हातांनी आपला गुडघा धरून ठेवला.

"रुची," ती म्हणाली. "रुची! ओ माय, रुची!"

रुची एकेक पाकळी पाण्यात सोडत होती.

कुंताबाई खाली बसली. दूर नागपूर गाडीची शिटी झाली.

"गावाकडच्या माडीवर," देवकाबाई तिच्याशेजारी बसून हळूहळू सांगू लागल्या, "लाकडावर पाय आपटला का पोरीले समजे. पंधरा वर्सं तू तिले तशीच बोलावली. आता फरशीवर त्याचा उपेग नाई, तरी टाच पडतेच. त्या दिवशी हाक दुर्गेशची होती, डाव्या अंगानं. पन पोरगी वळली उजवीकडं, जिथं तू मोबाइल धरून उभी होतीस. तुझ्या तोंडात हाक नसंनही, पोरगी वळली पायजे येवढंच मनात होतं. मनाच्या आधी पाय धावला. तो धप्प आवाज खुर्च्यांचा नोहता, कारन त्या दिवशी उतरत होत्या दऱ्या. अना घरी परवा तिनं ऐकलं नाई, तं तुले नवल वाटलं. पंधरा वर्सं जिच्या कानाची सवय हाय, तिले नवल कायले वाटन? ज्याले वाटते पोरीचे कान आले, त्यालेच वाटन."

"मले खरंच वाटलं व, देव पावला." कुंताबाई म्हणाली. "त्या सकाळी मंचावर मी हाक मारली तं ती वळली, म्हनून दुर्गेशले हाक माराले लावली अना मोबाइल धरला. न्यासानं पोरीले शिकवलं. म्हटलं, त्याइले आनंदाची बातमी द्यावी. पोरगी ऐकाले लागली म्हनून तो व्हिडिओ पाठवला. मले का माहीत, बरं झालेल्याइले पैसे बंद होतात? मंग नोटीस आली. माझी जीभच उचलना. पोरगी म्हनन, मावशीनंच गळा कापला. अना... अना मी त्या बिचाऱ्या दुर्गेशचं नाव घेतलं."

तिनं मारुतीकडं पाहिलं. "म्हनजे एकशे आठ फेऱ्या वाया गेल्या? त्यानं ऐकलंच नाई?"

देवकाबाईंनी आयुष्यभर हजारोंसमोर निरूपण केलं होतं. आता समोर एकच श्रोता होता.

"कुंता, तू मागत होतीस, पोरीले हाक ऐकू यावी. ती तं तुझी हाक कधीची ऐकून राहिली! बारा जनाच्या पावलात तिले तुझा पाय ओळखू आला. लोकाइचे कान शाबूत असतात, तरी घरच्याची हाक ऐकत नाईत. आनखी कोनता चमत्कार पायजे तुले?"

कुंताबाई रडू लागली. फळ्या हलल्या असाव्यात. रुचीनं वळून पाहिलं, तशीच धावत आली आणि मावशीच्या मांडीशी बसून तिचे डोळे पुसू लागली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

"तिले कोन सांगन?" कुंताबाईनं विचारलं.

"तूच. अना त्या साहेबालेही तूच."

७

न्यासाचे अधिकारी चंद्रशेखर वासनिक शांत स्वभावाचे होते, पण नियमाला पक्के. संस्थेत ठरलेली बैठक देवकाबाईंच्या विनंतीवरून मांडवात भरली, कारण मंच काही कार्यालयात नेता येत नव्हता.

"मला कीर्तन ऐकायचं नाही, बाई. मला कारण हवं," ते म्हणाले.

"कारनच दाखवते, साहेब. तुमी स्वतः हाक मारा."

रुचीला मशीन काढून मंचावर पाठमोरं बसवलं. वासनिकांनी जमिनीवरून हाक मारली, मग ओरडले, मग सेवकरामला मृदंग वाजवायला लावला. रुची ढिम्म. मग ते स्वतः मंचावर चढले आणि काही न बोलता बुटाची टाच आपटली. रुची वळली. उतरून त्यांनी मातीवर तीनदा पाय आपटला. ती वळली नाही. अल्का मॅडमनी व्हिडिओ लावला आणि पाकळ्यांवर बोट ठेवलं.

"हे पटतं," वासनिक विचार करत म्हणाले. "पण हा व्हिडिओ पाठवणाऱ्यानं मुद्दाम..."

"मी पाठवला, साहेब." कुंताबाई पुढं आली. हात जोडलेले. "आभार मानाले पाठवला. मले वाटलं, पोरगी बरी झाली."

रुचीला ते आधी कळलं होतं. रडून झालं होतं, रागावून झालं होतं. आता ती मावशीचा हात धरून उभी होती.

वासनिकांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "आमच्याकडं तक्रारी येतात. आभार मानणारं कुणी येतच नाही. म्हणून आम्ही हा व्हिडिओही तक्रारीत टाकला. चूक आमचीही आहे." त्यांनी तिथंच कळवलं की नागपूरच्या तपासणीपर्यंत मदत सुरू राहील.

कुंताबाई तडक दुर्गेशसमोर गेली आणि तिनं दोन्ही हातांनी कान पकडले. "पोरा, मी तुझ्यावर आळ घेतला."

"मावशी, जाऊ दे." त्यानं आपला तुटका पंजा वर केला. "कान पकडायला मला पण एकच हात पुरते, तुम्ही दोन्ही का लावून राहिल्या?"

मांडव हसला. अल्का मॅडमनी त्याची कॉलर धरली. "हसू नको. सोमवारी माझ्याकडं ये. मदत देणारा जगात हा एकच न्यास नाही. बाकीचे अर्ज मी तुझ्याकडून भरून घेते. आणि अक्षर नीट काढ."

नागपूरच्या यंत्रानं पुढं तेच सांगितलं जे तापाच्या वर्षापासून खरं होतं. रुची दुसऱ्या वर्षाला बसली.

दिवाळीनंतर देवकाबाई गोंदियाला आल्या तेव्हा संस्थेनं रक्ततपासणीचं शिबिर मांडलं होतं. पांढऱ्या कोटातल्या रुचीनं त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. भर मांडवात हजारोंना हसवणाऱ्या-रडवणाऱ्या देवकाबाईंना सुईचं भय होतं, हे सेवकरामशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं नामस्मरण सुरू केलं.

"माय, ओठ दिसू द्या मले," रुची म्हणाली. "दुखलं तं समजलं पायजे न."

देवकाबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यांच्या ओठांवर नजर ठेवून, हातानं शीर चाचपत, रुची थांबली, आणि नाम घ्यायला त्यांनी श्वास घेतला त्या क्षणी सुई आत गेली.

"चालू कर व बाई, लवकर," देवकाबाई डोळे घट्ट मिटूनच म्हणाल्या.

"झालं, माय," रुची नळीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाली. "उठा. मागं लोक उभे हायत."